इन्सुलिन देणे (रुग्णपरिचर्या)

मधुमेही रुग्णाला इन्सुलिन टोचणे हे वॉर्डातल्या सिस्टरचे रोजचे काम. तरीही मात्रा चुकली तर जीवावर बेतू शकते, म्हणून इन्सुलिनची गणना उच्च जोखमीच्या औषधांत होते. माणसाला ते प्रथम १९२२ मध्ये टोरंटो येथे दिले गेले.

इन्सुलिन मोजतात युनिटमध्ये, आणि भारतात खरा धोका इथेच आहे. कुपीतले इन्सुलिन बहुधा मिलिलिटरला ४० युनिट असते, पेनमधले सहसा १०० युनिट. १०० युनिटच्या कुप्याही मिळतात. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. कुपी १०० ची आणि सिरिंज ४० ची असेल, तर २० च्या खुणेपर्यंत ओढलेल्या औषधात ५० युनिट भरतात. उलट अदलाबदल झाली तर २० ऐवजी ८ च युनिट जातात आणि साखर का उतरत नाही हे कुणालाच उमगत नाही. म्हणून सिरिंज भरण्यापूर्वी कुपीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी धरून वाचावेत, आणि भरलेली सिरिंज दुसऱ्या सिस्टरला दाखवावी. रात्रपाळीत एकटीवर अख्खा वॉर्ड असताना ही दुसरी नजर मिळत नाही. तो दोष मनुष्यबळाचा आहे, तिचा नव्हे.

केसपेपरवर ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. इंग्रजी ‘यू’ हे आद्याक्षर घाईत शून्यासारखे दिसते आणि १० चे १०० होतात. अक्षर लागत नसेल तर डॉक्टरांना फोन करून विचारावे. त्यात कमीपणा नाही.

योग्य रुग्ण, औषध, मात्रा, मार्ग आणि वेळ हे पाच नियम इथेही लागू आहेत, पण वेळेचा अर्थ घड्याळापुरता नाही. साधे इन्सुलिन जेवणाआधी सुमारे अर्धा तास देतात. रुग्ण तपासणीसाठी उपाशी असेल किंवा उलट्या करत असेल, तर आधी डॉक्टरांना कळवावे. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसताच साखर तपासावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल आणि रुग्णाला गिळता येत असेल, तर १५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात काहीही घालू नये. ढगाळ इन्सुलिन शिरेतून कधीच देत नाहीत. एकाचे पेन, सुई बदलूनही, दुसऱ्याला वापरू नये. कार्ट्रिजमध्ये रक्त मागे शिरू शकते.

नोंदीवर सही टोचल्यानंतरच करावी, आधी नाही. घरी जाणाऱ्या रुग्णाकडून त्याच्याच कुपीतून, त्याच्याच सिरिंजमध्ये औषध भरून घ्यावे. दुकानातून त्याने कोणत्या रंगाच्या टोपणाची सिरिंज आणली आहे, हे तेव्हाच कळते.