जॉन लॉरी : हॅम्लेट ते फ्रेझर

हिचकॉकच्या 'द थर्टीनाइन स्टेप्स' (१९३५) या चित्रपटात स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या एका शेतकऱ्याच्या घरातला प्रसंग आहे. टेबलावर वर्तमानपत्र पडलंय. त्यात लंडनहून पळालेल्या आरोपीची बातमी आहे आणि तो आरोपी, हॅने, पाहुणा म्हणून त्याच टेबलाशी बसलाय. घरधनी डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना म्हणतोय. तेवढ्यात त्याच्या तरुण बायकोची आणि हॅनेची नजरानजर होते, आणि बातमी तिनं वाचलीय हे त्याला उमगतं. इतक्यात शेतकऱ्याचे डोळे उघडतात. एकदा बायकोकडे, एकदा पाहुण्याकडे. ओठांवरची प्रार्थना थांबत नाही, पण यांचं काहीतरी शिजतंय हा संशय त्या नजरेत पुरता उतरलेला असतो. पुढे काहीतरी निमित्त काढून तो बाहेर जातो आणि खिडकीतून आत डोकावत राहतो.

पाहुण्याकडून पैसे घेऊनही पोलिसांकडे बक्षिसाची चौकशी करणारा हा देवभोळा, लोभी, संशयी माणूस उभा केला जॉन लॉरीनं. चित्रपटाच्या तुलनेत भूमिका अगदी छोटी, पण तो पडद्यावर असेपर्यंत नायकाकडे लक्ष जात नाही.

लॉरीचा जन्म १८९७ सालचा, दक्षिण स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीजचा. कवी रॉबर्ट बर्न्सनं अखेरचा श्वास घेतला तेच हे गाव. लॉरीला बर्न्सच्या कवितांचं वेड होतं आणि त्या तो फार रंगवून म्हणे. वास्तुशास्त्राची वाट धरलेला हा तरुण पहिल्या महायुद्धात सैन्यात गेला, सोमच्या लढाईतून जिवंत परतला आणि मग नाटकाकडे वळला. लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये भरणाऱ्या एल्सी फोगर्टीच्या नाट्यशाळेत त्याची वाणी घडली. पुढे लॉरेन्स ऑलिव्हिए आणि पेगी अॅशक्रॉफ्टही याच शाळेतून बाहेर पडले. 'थर्टीनाइन स्टेप्स'मधली ती भेदरलेली बायको म्हणजे अॅशक्रॉफ्टच.

१९२० आणि ३०च्या दशकांत ओल्ड व्हिक आणि स्ट्रॅटफर्डच्या रंगभूमीवर लॉरी शेक्सपिअरच्या मोठमोठ्या भूमिका करत होता. त्यात हॅम्लेटही होता. मात्र त्या काळच्या इंग्लिश चित्रपटांचे नायक लंडनच्या उच्चभ्रू बोलीत बोलत. स्कॉटिश उच्चार, हाडकुळा चेहरा आणि रोखून पाहणारे डोळे असलेल्या नटाच्या वाट्याला शेतकरी, नोकर, खलाशी यायचे. लॉरीनं ते घेतले आणि हॅम्लेटच्या तयारीनं केले. ऑलिव्हिएनं शेक्सपिअरवर तीन चित्रपट दिग्दर्शित केले, 'हेन्री द फिफ्थ', 'हॅम्लेट' आणि 'रिचर्ड द थर्ड'. या तिन्हींत लॉरी आहे, तिन्हींत दुय्यम भूमिकेत. रंगभूमीवर हॅम्लेट झालेला हा नट पडद्यावरच्या 'हॅम्लेट'मध्ये फ्रान्सिस्को नावाचा पहारेकरी आहे.

एकदा मात्र त्याला त्याच्या ताकदीची भूमिका मिळाली. १९३० मध्ये स्कॉटलंडच्या सेंट किल्डा बेटावरचे उरलेसुरले ३६ रहिवासी कायमचे मुख्य भूमीवर आणले गेले. त्यावरून मायकल पॉवेलनं 'द एज ऑफ द वर्ल्ड' (१९३७) हा चित्रपट केला. सेंट किल्डावर चित्रीकरणाची परवानगी मिळेना, म्हणून शेटलंडमधलं फौला बेट निवडलं. तिथं वादळांनी सगळ्यांना अडकवून ठेवलं. जेमतेम चाळिशीला टेकलेल्या लॉरीनं यात बेट सोडायला तयार नसलेला बुजुर्ग पीटर मॅन्सन साकारला. त्याचा मुलगा कड्यावरून पडून मरतो, आणि बेट रिकामं होतं त्या दिवशी हाही कड्यावरच जीव गमावतो. लॉरी यात फारसं बोलत नाही; ताठ मान आणि घट्ट मिटलेले ओठ यांतून हट्टी बापाचं दुःख दिसत राहतं. हे त्याचं सर्वांत मोठं काम.

लोकांच्या लक्षात राहिला तो मात्र महायुद्धकाळातल्या होमगार्डच्या हौशी स्वयंसेवकांवर बेतलेल्या बीबीसीच्या 'डॅड्स आर्मी' या मालिकेतला (१९६८ ते १९७७) प्रायव्हेट फ्रेझर, अंत्यसंस्कारांचं साहित्य पुरवणारा रडतराऊत. 'आता आपलं काही खरं नाही' असं डोळे विस्फारून सांगणारा त्याचा सूर ब्रिटनमध्ये घरोघरी पोचला. दुसऱ्या महायुद्धात लॉरी स्वतः होमगार्डमध्ये होता, त्यामुळे ही मंडळी त्याच्या ओळखीची होती. एवढं शेक्सपिअर करून नाव व्हावं ते या विनोदी मालिकेनं, ही त्याची कुरकुर सहकाऱ्यांनी अनेकदा सांगितली आहे. पण फ्रेझर भुताखेतांची गोष्ट सांगायला आवाज खाली आणतो, 'र' गडगडवतो आणि शब्दांमधली शांतता लांबवतो, तेव्हा ऐकू येते ती ओल्ड व्हिकची तालीमच. मालिका गाजली त्यात त्या तालमीचा वाटा मोठा.

१९७८ मध्ये पॉवेल लॉरीला घेऊन पुन्हा फौलाला गेला. लॉरी तेव्हा ८१ वर्षांचा होता. २३ जून १९८० रोजी तो वारला. ज्यांनी फक्त फ्रेझर पाहिलाय, त्यांनी 'द एज ऑफ द वर्ल्ड' जरूर पाहावा.