धाकट्याला धरायचं कुणी?



दीड-दोन वर्षांचं मूल घरात असलं की दिवस कसा जातो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. सकाळी उठल्या उठल्या गळ्यात पडतं, आणि आपण वळेपर्यंत कणकेच्या परातीत पाय. हातातली भाकरी कोंबडीला आणि कोंबडीचे दाणे स्वतःच्या तोंडात. 'नको' हा एकच शब्द नीट येतो, तो दिवसभर पुरवून वापरतं. झोपलं की मात्र इतकं गोड दिसतं, की सगळी आदळआपट विसरायला होते. पण त्या झोपेत पाणी, जनावरं, खुरपणी काही उरकत नाही. मग आपण हाक कुणाला मारतो? थोरलीला.

आमच्या गटातल्या एकीची थोरली सहावीत आहे. गेल्या सुगीत ती शाळेत कमी आणि भावाला कडेवर घेऊन जास्त दिसायची. आम्ही बैठकीत तिच्या आईला बोल लावला. ती शांतपणे म्हणाली, "मग ह्याला तुम्ही धरता का?" आम्ही गप्प. ती बैठकीला वेळेवर येते, हप्ता वेळेवर भरते, ते त्या पोरीच्या जिवावर, हे आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

हाच प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी दोन बायकांपुढे उभा राहिला होता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाई शिकलेल्या, शहरातल्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं होतं. अनुताई लहानपणी लग्न होऊन लहानपणीच विधवा झालेल्या, पुढे शिकून शिक्षिका झाल्या. १९४५ साली या दोघींनी बोर्डीला, समुद्रकाठच्या गावात, बालवाडी सुरू केली. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे.

शहरातल्या बालशाळेत मॉन्टेसोरीबाईंच्या पद्धतीची महागडी साधनं असत. गावात ती कुठून आणणार? मग शिंपले, खडे, बिया, पानं यांवरच मोजणं आणि रंग शिकवणं सुरू झालं. आपलं पोर तरी काय करतं? महागाचं खेळणं टाकून डब्याच्या झाकणाशी तासभर बसतं.

पण दलित वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. तेव्हा या बायांनी पोरं येत नाहीत म्हणून तक्रार केली नाही, शाळाच उचलून वस्तीत नेली. एखाद्या घरापुढचं अंगण झाडायचं, मुलांना आंघोळ घालायची, नखं कापायची, मग गाणी-गोष्टी. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. आज सरकारी पाटीवर असलेला हा शब्द असा कुणाच्या तरी सारवलेल्या अंगणातून आला आहे.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या पाड्यांमध्ये गेलं. तिथं मोठी मुलं गुरांमागं जायची, म्हणून कुरणातच शाळा भरवली. तिला म्हणत कुरणशाळा. आणि ज्या मुली शाळेत येत नव्हत्या, त्यांच्या कडेवर धाकटं भावंडं होतं! आमच्यासारखं त्यांनी आईला दटावलं नाही. शाळेला लागूनच पाळणाघर केलं. धाकटं पाळणाघरात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात. एकाच आवारात सगळी. त्याला विकासवाडी असं नाव होतं. आम्हाला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत शहाणी वाटते.

ताराबाई १९७३ साली गेल्या. दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं. अनुताई १९९२ पर्यंत कोसबाडचं काम करत राहिल्या. अंगणवाडीनं आपल्याला पुष्कळ दिलं: लस, वजन, आहार. पण बसायला, खेळायला घेतात ते तीन वर्षांनंतर. त्याखालच्या पोराला आहाराचं पाकीट मिळतं, ते घेऊन पोरासकट घरी यायचं. नाव अंगणातून देशभर गेलं, पाळणाघर मात्र बहुतेक गावांत आलंच नाही. अंगणवाडीताईंवर आमचा राग नाही, त्यांच्या हातात आधीच रजिस्टरांचा ढीग आहे.

रोजगार हमीच्या कायद्यात एक तरतूद आहे, ती मात्र ऐकून ठेवा. कामावर आलेल्या बायकांबरोबर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील, तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमायची आणि तिला मजुरी द्यायची. पोर सांभाळणं हे काम आहे, असं कायद्यानं तिथं मानलं आहे. तुमच्या कामावर अशी बाई नेमतात का? ग्रामसभेत विचारा. आम्हीही विचारणार आहोत.

तोवर आम्ही एवढं केलं. बैठकीच्या दिवशी दुसरी सतरंजी अंथरतो. पाळीपाळीनं दोघी जणी पोरांपाशी बसतात, एकीला दहा पोरं झेपत नाहीत, हे पहिल्याच दिवशी कळलं. मागच्या बैठकीत एकानं शिक्क्याचं पॅड पळवलं. ठरावाच्या वहीवर आता पाच छोट्या बोटांचे जांभळे ठसे आहेत. थोरली त्या दिवशी शाळेत होती.