शुद्धतेच्या आग्रहाने दुभंगलेले चर्च

चौथ्या शतकात रोमन साम्राज्याच्या उत्तर आफ्रिकेतील प्रांतांत, म्हणजे आजच्या ट्युनिशिया व अल्जीरियाच्या भूमीत, ख्रिस्ती समाज एका प्रश्नावरून दुभंगला. छळाच्या काळात ज्या धर्मगुरूने कच खाल्ली, त्याच्या हातून झालेले संस्कार ग्राह्य मानावेत काय? 'मुळीच नाही' असे ठणकावून सांगणारा गट पुढे 'डोनॅटिस्ट पंथ' म्हणून ओळखला गेला. ख्रिस्ताचे देवत्व किंवा पुनरुत्थान याविषयी या पंथाचे इतरांशी मतभेद नव्हते. त्यामुळे प्रारंभी या वादाला पाखंड नव्हे, तर फूट म्हटले जाई. सम्राट होनोरियस याच्या इ.स. ४०५ च्या फर्मानाने मात्र पंथावर पाखंडाचा शिक्का मारला.

छळाचे दिवस

सम्राट डायोक्लेशियन याने फेब्रुवारी ३०३ मध्ये चर्चच्या वास्तू पाडण्याचे आणि धर्मग्रंथ जाळण्याचे फर्मान काढले. काही ख्रिस्ती लोकांनी ग्रंथ देण्यास नकार देऊन मरण पत्करले. काहींनी ते मुकाट्याने अधिकाऱ्यांच्या हवाली केले. अशांना लॅटिन भाषेत 'त्रादितोर', म्हणजे 'सुपूर्द करणारा', असे म्हणत. विश्वासघातकी या अर्थाचा इंग्रजीतील 'ट्रेटर' हा शब्द याच कुळातला.

सिर्ता (आजचे अल्जीरियातील कॉन्स्टंटीन) येथे १९ मे ३०३ रोजी झालेल्या जप्तीची नोंद आजही उपलब्ध आहे. सोन्याचे दोन व चांदीचे सहा प्याले, गोरगरिबांसाठी ठेवलेले असावेत असे स्त्रियांचे ८२ अंगरखे, अशी ती यादी आहे. ग्रंथ कोणी लपवले, कोणी आणून दिले, हेही त्यात नावानिशी आले आहे.

बिशपपदाचा वाद

छळ ओसरल्यावर कार्थेजच्या बिशपपदी सिसिलियन याची निवड झाली. त्याला दीक्षा देणाऱ्यांतील अप्तुंगाचा बिशप फेलिक्स हा त्रादितोर असल्याचा आरोप झाला. न्युमिडिया प्रांतातील सुमारे ७० बिशपांनी सिसिलियनला पदच्युत ठरवून मायोरिनस याला त्या जागी बसवले. त्याच्यानंतर आलेल्या डोनॅटसच्या नावाने हा पंथ ओळखला जातो.

हे प्रकरण सम्राट कॉन्स्टंटाइन याच्यापुढे गेले. रोम येथे ३१३ मध्ये आणि आर्ल येथे ३१४ मध्ये धर्मसभा भरल्या; दोन्ही ठिकाणी निर्णय सिसिलियनच्या बाजूने लागला. फेलिक्सवरील आरोपही सरकारी चौकशीत निराधार ठरला. कॉन्स्टंटाइनने काही काळ बळाचा वापर केला, परंतु फूट मिटेना, तेव्हा ३२१ मध्ये त्याने तो मार्ग सोडून दिला.

वर्षभरापूर्वीच, इ.स. ३२० मध्ये, एक विलक्षण गोष्ट उघडकीस आली होती. एका न्यायालयीन चौकशीत सिर्ताच्या जप्तीची ती जुनी नोंद वाचण्यात आली. त्या दिवशी चर्चच्या वस्तू बाहेर काढून देणाऱ्यांत सिल्व्हानस नावाचा एक कनिष्ठ सेवक होता. चौकशीच्या वेळी तोच डोनॅटिस्ट गटाचा बिशप होता! इतरांच्या कलंकाकडे बोट दाखवणाऱ्यांच्या घरातही तोच कलंक निघाला.

शुद्धतेला अंत कुठे?

आपलेच चर्च निष्कलंक, अशी डोनॅटिस्टांची श्रद्धा होती. दुसऱ्या गटातून येणाऱ्यास ते पुन्हा बाप्तिस्मा देत. परंतु ३९३ च्या सुमारास त्यांच्यातच फूट पडली आणि मॅक्झिमियन याचा वेगळा गट निघाला. पुढे या गटातील काही बिशपांना परत घेताना त्यांनी दिलेले बाप्तिस्मे मात्र ग्राह्य मानण्यात आले. हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनी नेमका हाच मुद्दा उचलला. जी सवलत आपल्या माणसांना, ती इतरांना का नाही, असा त्यांचा सवाल होता.

ऑगस्टीन यांच्या प्रतिपादनाचा गाभा असा, की संस्कार ख्रिस्ताचा असतो. धर्मगुरू हे केवळ निमित्त. त्याचे चारित्र्य मलिन असले तरी त्यामुळे ईश्वराची कृपा मलिन होत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानातील गहू व निदण यांच्या दृष्टांताचा आधार घेऊन त्यांनी सांगितले, की चर्चच्या शेतात दोन्ही एकत्रच वाढणार. निवड कापणीच्या वेळी होईल आणि ती करणारा ईश्वर असेल.

जिंकणाऱ्यांची चूक

कार्थेज येथे ४११ मध्ये शाही अधिकारी मार्सेलिनस याच्या अध्यक्षतेखाली दोन्ही बाजूंचे पाचशेहून अधिक बिशप समोरासमोर आले. निकाल डोनॅटिस्टांच्या विरोधात गेला. त्यानंतर दंड, चर्च-मालमत्तेची जप्ती आणि हद्दपारी सुरू झाली. डोनॅटिस्टांच्या बाजूच्या काही टोळ्यांनीही सोटे घेऊन हिंसाचार केला होता, हे खरे. तथापि, आरंभी सक्तीला विरोध करणाऱ्या ऑगस्टीन यांनीच पुढे तिचे समर्थन केले. त्यांच्या या भूमिकेचा दाखला नंतरच्या शतकांत धार्मिक सक्तीसाठी वारंवार देण्यात आला.

सक्तीने पंथ संपला नाही. पुढे व्हॅन्डल आले, हिप्पोला वेढा पडला असतानाच ४३० मध्ये ऑगस्टीन निवर्तले. तरी सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांच्या पत्रांत डोनॅटिस्टांचा उल्लेख येतोच. अरबांनी ६९८ मध्ये कार्थेज जिंकल्यानंतर कालांतराने तेथील दोन्ही चर्च लयाला गेली.

श्रद्धावंतांसाठी या इतिहासात दुहेरी बोध आहे. ज्यांच्या आप्तांनी ग्रंथांसाठी प्राण दिले, त्यांचा संताप समजण्याजोगा होता. पण दुसऱ्याच्या पतनावर आपल्या पावित्र्याची इमारत उभी केली, की तिला तडे जातच राहतात. दुसरीकडे, दुरावलेल्या बंधूला कायद्याच्या धाकाने ओढून आणले, तर तो येतो. त्याचे मन मात्र बाहेरच राहते. पश्चात्तापाला दार उघडे ठेवणे आणि त्या दारातून कोणालाही ढकलत न नेणे, या दोन्ही गोष्टी उत्तर आफ्रिकेच्या चर्चला एकाच वेळी साधल्या नाहीत.