रक्तातील एका शर्करेची वंशावळ

स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा संशय आला, की ज्या तपासण्या लिहून दिल्या जातात त्यांत 'सीए १९-९' ही रक्ताची तपासणी सहसा चुकत नाही. नाव जावक क्रमांकासारखे रुक्ष, पण अहवालातील आकडा ३७ एककांच्या खाली आहे की वर, या एका तफावतीवर घरातील मंडळींच्या जिवात जीव येतो किंवा निघून जातो. हा आकडा गाठीची खबर देतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खोटी नाही. परंतु रुग्णाच्या पितरांकडून आलेल्या वारशाची खबर तो आधी देतो, आणि गाठीची मागाहून, ही गोष्ट या चाचणीच्या कुळात शिरल्याशिवाय ध्यानात येत नाही.

तिचा जन्म १९७९ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये झाला, आणि तोही स्वादुपिंडासाठी नव्हे. संस्थेचे संचालक हिलरी कोप्रोव्स्की हे मूळचे वॉर्सा येथील गृहस्थ. तारुण्यात पियानोची रीतसर तालीम घेतलेले, आणि पुढे पोलिओची जिवंत लस तोंडावाटे प्रथम देऊन पाहिलेले. त्यांच्या मंडळींनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या, १११६ या क्रमांकाने प्रयोगशाळेत वाढविल्या जाणाऱ्या पेशी उंदरांना टोचल्या आणि त्यांविरुद्ध उंदरांनी निर्माण केलेल्या असंख्य प्रतिद्रव्यांतून एक निवडून काढले. त्या प्रतिद्रव्याच्या पेशीकुळाचा अनुक्रमांक १९-९ होता, आणि तोच पुढे चाचणीच्या कपाळी कायमचा चिकटला.

एकाच जातीचे प्रतिद्रव्य हवे तितके पिकविण्याची ही हिकमत मात्र फिलाडेल्फियाची नव्हे. ती केंब्रिजच्या केलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ साली सिद्ध केली होती, आणि तिचे एकस्व घेण्याची तजवीज इंग्लंडात कोणी वेळेवर केली नाही. मिल्स्टाइन यांनी विद्येच्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे आपल्या पेशी मागेल त्याला दिल्या. त्याच पेशींच्या साहाय्याने कर्करोगविरोधी प्रतिद्रव्ये बनविण्याची सनद विस्टारच्या मंडळींनी अमेरिकेत मिळविली, आणि इंग्लंडात त्यावर मोठी हळहळ झाली. १९८४ साली नोबेल पारितोषिक केलर-मिल्स्टाइन यांना मिळाले खरे, पण औदार्य आणि व्यवहार यांचा हिशेब त्याने चुकता झाला असे मला वाटत नाही.

आता हे प्रतिद्रव्य ओळखते तरी कशाला, या प्रश्नाचे उत्तर १९८२ साली मग्नानी, गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले, आणि तेथे ही वंशावळ अनपेक्षितपणे रक्तगटांच्या घराण्याशी जाऊन भिडली. तो पदार्थ म्हणजे 'लुईस' या रक्तगटाच्याच शर्करेला सियालिक आम्ल जोडले जाऊन तयार झालेले रूप होते. हा रक्तगट १९४६ साली इंग्लंडात आर्थर मूरां यांनी वर्णिला होता. चॅनेल बेटांवरच्या खडकांचा अभ्यास करून भूगर्भशास्त्राची पदवी मिळविलेला हा मनुष्य पुढे मानववंशांच्या रक्ताचे थर तपासू लागला, हा योग मोठा मौजेचा आहे.

लुईस शर्करा घडविणाऱ्या विकराचे जनुक 'एफयूटी३'. ज्याला आईबापांकडून या जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी मिळाल्या, त्याच्या शरीरात ती शर्करा बनतच नाही. अशा व्यक्ती युरोपीय वंशाच्या लोकांत शंभरामागे पाच-दहा, तर आफ्रिकी वंशात त्याहून पुष्कळ अधिक आढळतात. अशाच्या स्वादुपिंडात लिंबाएवढी गाठ असली, तरी सीए १९-९चा अहवाल बहुधा निर्दोषत्वाचा दाखला देऊन मोकळा होतो. याच्या जोडीला 'एफयूटी२' हे दुसरे जनुक आहे. ते त्याच कच्च्या मालाला दुसऱ्या वाटेने पळविते, म्हणून ते जागे असलेल्याचा आकडा मुळातच कमी आणि निद्रिस्त असलेल्याचा मुळातच अधिक. मुंबईच्या डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली जगापुढे आणलेल्या 'बॉम्बे' रक्तगटाच्या माणसांत हे दुसरे जनुकही निकामी असते, तेव्हा आपल्या मुंबईचे रक्तही या भाऊबंदकीत दूरच्या नात्याने सामील आहे.

निरोगी रक्तदात्यांच्या रक्तावरून ठरविलेली ३७ची मर्यादा म्हणजे या साऱ्या कुळाचारांना एकाच मापाने मोजण्याचा प्रकार होता. तो गैर आहे हे कळायला उशीरही लागला नव्हता: लुईस शर्करा न घडविणाऱ्या रुग्णांची अडचण १९८७ सालीच छापून आली होती, आणि जनुकाच्या एका प्रतीने व दोन प्रतींनी आकड्यात किती फरक पडतो हे जपानी संशोधकांनी १९९८ साली दाखविले होते. तरीही दवाखान्यांतून एकच मर्यादा चालत राहिली, कारण ती सोयीची होती. प्रत्येकाचे जनुक वाचून त्याची स्वतंत्र मर्यादा ठरविण्याचा गंभीर प्रयत्न आता कोठे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये चालू झाला आहे.

पित्तनलिका तुंबून कावीळ झाली, तरी कर्करोगावाचून हा आकडा चढतो. म्हणून निरोगी माणसाने सहज करून पाहावी अशी ही चाचणी नव्हे. तिचे खरे सामर्थ्य निदानापेक्षा भाकितात आहे. शस्त्रक्रियेपूर्वी आकडा फार चढलेला असेल, तर छायाचित्रांत न दिसणारा प्रसार झाला असल्याची शंका शल्यविशारद घेतात. शस्त्रक्रियेनंतर तो उतरून मर्यादेत आला, तर आयुष्याची आशा वाढते. उतरून पुन्हा चढू लागला, तर पुष्कळदा रोग डोळ्यांना दिसण्याआधीच परतलेला असतो.

या सर्व काळात ही शर्करा केवळ साक्षीदार आहे असेच गृहीत धरलेले होते. उंदरांत मुळात ती बनत नाही. त्यांचे लुईस जनुक उत्क्रांतीच्या ओघात निकामी झालेले आहे. २०१९ साली न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे टूव्हसन यांच्या चमूने ती घडविणारी मानवी जनुके उंदरांत घातली, तेव्हा त्या प्राण्यांना स्वादुपिंडाचा तीव्र दाह झाला, आणि कर्करोगाला प्रवृत्त करणारे केरास जनुक सोबत असता गाठी अधिकच उग्र झाल्या. मग त्याच शर्करेला बांधून ठेवणारी प्रतिद्रव्ये टोचली, आणि दाह ओसरला.