काका मला वाचवा : एका हाकेचा इतिहास

मी पुण्याची आहे असं बाहेरगावी सांगितलं, की समोरचा माणूस हमखास दोन प्रश्न विचारतो. तुमच्याकडची दुकानं दुपारी खरंच बंद असतात का? आणि शनिवारवाड्यात खरंच भूत आहे का? पहिल्याचं उत्तर आपण सगळेच देऊ शकतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला हसण्यावारी नेता येत नाही. ज्या हाकेवर ही भुताची गोष्ट उभी आहे, ती हाक मारणारा मुलगा अठरा वर्षांचा होता. आपण बारावीला असतो त्या वयाचा. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा म्हणूनच हा विषय निवडला. आपल्यापैकी प्रत्येकाने सहलीत दिल्ली दरवाज्याखाली उभं राहून ‘काका मला वाचवा’ असं एकदा तरी ओरडून पाहिलंच आहे.

दंतकथा सर्वांना पाठ आहे. रात्री वाड्यातून नारायणरावांची हाक ऐकू येते. कोणी अमावास्येला म्हणतं, कोणी पौर्णिमेला. इतिहास मात्र रात्रीचा नाही. ३० ऑगस्ट १७७३, सोमवार. गणेशोत्सवाचे दिवस होते आणि वेळ होती दुपारची. वाड्यात नोकरचाकर, कारकून, पहारेकरी असा सगळा राबता होता. जे घडलं ते लख्ख उजेडात, माणसांच्या देखत घडलं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले आणि पेशवाईची वस्त्रं धाकट्या भावाला, नारायणरावांना मिळाली. चुलते रघुनाथराव, म्हणजेच राघोबादादा, याच वाड्यात नजरकैदेत होते. अटकेपर्यंत गेलेला हा पराक्रमी माणूस पुतण्याच्या पहाऱ्यात दिवस काढत होता. त्यात वाड्याच्या बंदोबस्ताला असलेल्या गारद्यांचे पगार थकलेले. सुमेरसिंग, खरगसिंग, महंमद इसफ हे त्यांचे म्होरके आणि तुळाजी पवार हा दादांचा खास नोकर. असंतुष्ट काका आणि पगार तुंबलेली फौज हे दोन्ही एकाच छपराखाली नांदत होतं. कटाची कुणकुण पेशव्यांच्या कानावर त्याच दिवशी आली होती, पण बंदोबस्त होण्याआधीच गारदी आत घुसले.

नारायणराव पळत काकांच्या दालनात गेले आणि त्यांना मिठी मारली. तुळाजीने त्यांना ओढून वेगळं केलं. चापाजी टिळेकर नावाचा सेवक धन्याला वाचवायला त्यांच्या अंगावर आडवा पडला. तलवारी दोघांवरही चालल्या. अर्ध्या तासात वाड्यात पेशव्यांसह अकराएक माणसं मारली गेली. त्यांत कारकून होते, नोकर होते, दासी होत्या. एक गायही कापली गेली.

आता दंतकथेकडे परत बघू. अकरा माणसं गेली आणि भूत झालं एकट्याचं. चापाजीची हाक कोणी ऐकत नाही. त्या दासींनीही कोणाला तरी हाक मारली असेलच, पण त्यांची नावंसुद्धा कुठल्या गोष्टीत आली नाहीत. वाड्याच्या पाच दरवाज्यांपैकी एकाला पूर्वी जांभूळ दरवाजा म्हणत. दासींची ये-जा त्याच दरवाज्याने होत असे. नारायणरावांचा देह त्याच दरवाज्याने बाहेर नेला, म्हणून तो पुढे नारायण दरवाजा झाला. दासींच्या वाटेला धन्याचं नाव मिळालं. दासी मात्र गोष्टीबाहेरच राहिल्या.

दंतकथेने दुसरं एक काम केलं, ते जास्त गंभीर आहे. आपण सगळे ‘ध चा मा’ शिकलो. पत्रात ‘नारायणरावांस धरावे’ होतं, आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं, असं परंपरा सांगते. मी रोज संगणकासमोर बसून पोट भरते. एक अक्षर बदललं तर काय अनर्थ होतो ते मला चांगलं ठाऊक आहे, त्यामुळे ही गोष्ट मला लहानपणापासून फार आवडायची. पण गोष्टीची सोय बघा. सगळं पाप एका अक्षरावर आणि एका बाईवर गेलं. पुतण्याला पकडण्यासाठी गारद्यांना हाताशी धरणारा काका जवळजवळ निर्दोष सुटला. त्याने फक्त ‘धरावे’ लिहिलं होतं ना!

त्या काळच्या न्यायाधीशाने मात्र असं म्हटलं नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी खुनाची चौकशी केली. तोवर रघुनाथरावांनी पेशवाईची वस्त्रं मिळवली होती. राज्याच्या सर्वोच्च सत्ताधाऱ्याविरुद्ध रामशास्त्रींनी निवाडा दिला : दोष तुमच्याकडे आहे आणि याला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरं प्रायश्चित्त नाही. एवढं सांगून ते पद सोडून पुण्याबाहेर निघून गेले. इतिहासाच्या तासाला बाई हा प्रसंग शिकवायच्या तेव्हा मागच्या बाकांवरही शांतता असायची, हे तुम्हांला आठवत असेल.

निवाडा झाला, पण अंमलबजावणी झाली नाही. नाना फडणवीस, सखारामबापू आदी बारभाईंनी रघुनाथरावांना गादीवरून दूर केलं. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर गंगाबाईंच्या पोटी नारायणरावांचा मुलगा जन्मला, तो सवाई माधवराव. म्होरक्यांपैकी काहींना पुढे पकडून ठार मारण्यात आलं. रघुनाथराव मात्र इंग्रजांच्या आश्रयाला गेले. १७७५ च्या सुरतेच्या तहातून मराठ्यांचं इंग्रजांशी पहिलं युद्ध पेटलं आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने ते मिटलं. त्या तहात रघुनाथरावांना दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक ठरली. देहान्ताची शिक्षा सांगितलेल्या माणसाला पेन्शन मिळालं! पुढच्याच वर्षी ते कोपरगावला वारले.

याच्या उलट उदाहरणही पुण्यातच आहे. १७९१ मध्ये कोतवाल घाशीराम सावळदास याने कोंडून ठेवलेले वीसएक तेलंगी ब्राह्मण कोठडीत गुदमरून मेले. शहर पेटलं आणि जमावाने घाशीरामला दगडांनी ठेचून मारलं. तो न्याय होता की सूड, यावर वाद घालता येईल. विजय तेंडुलकरांच्या नाटकाने १९७२ मध्ये तो वाद नव्याने पेटवला. पण त्या कोठडीतून रात्री आवाज येतात असं मी तरी कधी ऐकलं नाही. मला वाटतं, लोकांच्या मनात तो हिशोब चुकता झाला होता. शनिवारवाड्याचा हिशोब बाकी राहिला. कोर्टात जे मिटलं नाही ते लोकांनी हाकेच्या रूपात जिवंत ठेवलं. मला भुतांवर विश्वास नाही, पण या हाकेवर आहे, तो या अर्थाने.

पुढचा इतिहासही त्या हाकेला बळ देणाराच घडला. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव याच वाड्याच्या सज्जातून खाली कोसळले आणि दोन दिवसांनी गेले. वय अवघं एकवीस. वडिलांचा खून झालेल्या वाड्यातच मुलाचा शेवट झाला. त्यानंतरच्या वर्षी गादीवर बसले दुसरे बाजीराव, रघुनाथराव आणि आनंदीबाईंचे चिरंजीव. खुनाने जे साधायचं होतं, ते तेवीस वर्षांनी साधलं. त्याच बाजीरावांच्या हातून १८१८ मध्ये राज्य गेलं. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली आणि ती सात दिवस जळत राहिली. उरले ते बुरूज, तट, दरवाजे आणि दगडी जोती. १७३२ मध्ये शनिवारी वास्तुशांत झालेला वाडा शंभर वर्षंही टिकला नाही. एवढ्या मोकळ्या जागेत हाक घुमल्यासारखी वाटली तर नवल नाही.

मित्रमैत्रिणींनो, आता आपली मुलं आपल्याला हीच गोष्ट विचारतात. माझ्या मुलीने विचारली तेव्हा मी तिला भूत नाही असं सांगून विषय संपवला नाही. भुताची गोष्ट मुलांना इतिहासाच्या दारापर्यंत आणते. तिथून आत नेणं आपलं काम. काकाने मारलं की काकूने, एवढ्यावर न थांबता पगार का थकले होते, पहारा कुठे होता, निवाडा कोणी दिला आणि तो कोणी पाळला नाही, हे त्यांना विचारू द्यावं. हे प्रश्न अडीचशे वर्षं जुने आहेत आणि सकाळच्या वर्तमानपत्रातही रोज भेटतात.

स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने बरेच जण कित्येक वर्षांनी पुण्यात येणार आहेत. वेळ काढून वाड्यावर जाच. दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढून झाले की तटाच्या कडेने नारायण दरवाज्यापर्यंतही चालत जा. तिकडे फारशी गर्दी नसते. तिथे उभं राहून पेशव्यांबरोबर चापाजी टिळेकरांचं नाव घ्या आणि ज्यांची नावं आपल्यापर्यंत पोचली नाहीत, त्या दासींची आठवण काढा. हाक त्यांचीही होती.