तांत आणि विश्वास

शब्दाची व्युत्पत्ति जितकी मनोहर, तितकी ती अधिक पारखून घ्यावी, असा आमचा अनुभव आहे. लॅटिन भाषेंतील ‘फिदेस’ हा शब्द याचें उत्तम उदाहरण होय. लायर नांवाच्या तंतुवाद्यास रोमन लोक ‘फिदेस’ म्हणत, आणि त्यांच्याच भाषेंत ‘फिदेस’ म्हणजे विश्वास असाहि अर्थ होता. फेस्टसच्या कोशाचा जो संक्षेप 8 व्या शतकांत पॉल द डीकन यानें केला, त्यांत या दोहोंची सांगड घातलेली आढळते: विश्वासामुळें माणसांत जसा मेळ राहतो, तसा या वाद्याच्या तारांत असतो, म्हणून हें नांव! कल्पना इतकी गोड, कीं ती खरी असावी असेंच कोणासहि वाटेल.

परंतु व्याकरण तिच्या आड येतें. विश्वासवाचक शब्दाची षष्ठी ‘फिदेई’, तर वाद्यवाचकाची ‘फिदिस’. म्हणजे दोन्ही शब्द चालविण्याची तऱ्हाच निराळी. पहिला शब्द मन वळविणें या अर्थाच्या ग्रीक ‘पेइथो’ या क्रियापदाशीं सगोत्र आहे. दुसरा बहुधा ग्रीक ‘स्फिदे’वरून आला, त्याचा अर्थ आतडें. आतड्याची तांत, आणि पुढें तांती ताणलेलें वाद्य, असा अर्थ विस्तारत गेला. म्हणूनच वाद्याच्या अर्थीं हा शब्द सहसा अनेकवचनीं येतो. संस्कृतांतहि ‘तंत्री’ म्हणजे तार, आणि वीणाहि.

‘फिदिकुला’ हें याच शब्दाचें लघुत्वदर्शक रूप. प्लिनीच्या ग्रंथांत तें आकाशांतील वीणेचें नांव आहे. ज्यास आपण अभिजित म्हणतों तो तेजस्वी तारा त्याच तारकापुंजांतला. पण सुएटोनिअसनें लिहिलेल्या सम्राटचरित्रांत त्याचेंच अनेकवचन माणसाचा छळ करण्याच्या दोऱ्यांस लावलेलें दिसतें. तेथें विश्वासाचा मेळ कोठून आणावा? ताणलेली तांत मात्र तेथेंहि नीट बसते.

तथापि फेस्टसच्या कोशांतील ती नोंद आम्हांस टाकाऊ वाटत नाहीं. शब्दाचें मूळ तिच्यांत नाहीं हें खरें. पण सुरेल वाद्य ऐकतांना एका सुशिक्षित रोमन माणसास परस्परांवरील विश्वास आठवला, एवढें तरी ती आपणांस सांगते. व्युत्पत्ति म्हणून ती सोडावी, आणि त्या काळच्या मनाची साक्ष म्हणून जपावी.