गाणं कोणाच्या नावावर?

आज एका गाण्याचा इतिहास सांगते. गाणं अमेरिकेतलं, इंग्रजी, जेमतेम अडीच मिनिटांचं. नाव ‘रिस्पेक्ट’, म्हणजे मान.

ते लिहिलं ओटिस रेडिंग या गायकाने. १९६५ साली त्यानेच ते गायलं. त्यात पुरुष बाईला सांगतो, मी कमावून आणतो, सगळं तुलाच देतो, तेव्हा घरी आलो की मला मान दे. गाणं बरं चाललं.

मग ते घेतलं ॲरिथा फ्रँकलिनने. तिचे वडील डेट्रॉइट शहरात चर्चचे धर्मोपदेशक होते. तिथल्या भजनांत तिचा गळा तयार झाला. १४ फेब्रुवारी १९६७ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिने हे गाणं ध्वनिमुद्रित केलं, तेव्हा ती २४ वर्षांची होती. पियानोवर ती स्वतःच बसली.

शब्द तिने थोडेच बदलले, पण बोलणारी आता बाई झाली. माझ्याकडेही कमाई आहे, तू घरी आलास की मला मान दे, असं ती म्हणू लागली. मागणी तीच, तोंड दुसरं. आणि सगळा अर्थच फिरला.

खरी मेहनत दिसते ती गाण्याच्या बांधणीत. आपल्या पोवाड्यात झीलकरी झील धरतात ना, तशी साथ तिच्या बहिणींनी, अर्मा आणि कॅरोलिन यांनी धरली. मुख्य शब्दाचं एकेक अक्षर सुटं करून म्हणायचं, त्या वेळी वाद्यं थांबवायची, आणि पाठोपाठ बहिणींनी एकच छोटा बोल भराभर म्हणायचा. ओटिसच्या गाण्यात यातलं काहीच नव्हतं. मध्ये किंग कर्टिसचा सॅक्सोफोन येतो, तो तुकडाही नवा. आज जगाला आठवतात ती हीच सुटी अक्षरं.

जून १९६७ मध्ये हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. समान हक्कांसाठी लढणाऱ्या काळ्या लोकांनी ते आपलं मानलं, बायकांनीही मानलं. त्याच महिन्यात माँटेरेच्या महोत्सवात ओटिसने हसत सांगितलं की, हे गाणं एका मुलीने माझ्याकडून नेलं.

पण कागदावर काय झालं? रेकॉर्ड विकली गेली, त्यात ॲरिथाचा वाटा होता. रेडिओचं मात्र वेगळं. अमेरिकेच्या कायद्यात रेडिओवर गाणं वाजलं की पैसे मिळतात लिहिणाऱ्याला, चाल लावणाऱ्याला आणि प्रकाशकाला. गाणारीला नाही, झील धरणाऱ्या बहिणींना तर नाहीच. २०१८ मध्ये ॲरिथा वारली, तोवर हा नियम बदलला नव्हता. म्हणजे मान मागणारं तिचं गाणं पन्नास वर्षं रेडिओवर वाजलं, आणि त्या वाजण्याचा मोबदला तिला मिळाला नाही.

ओटिसचा हक्क खोटा नव्हता. बी त्याचंच होतं. पण पीक हिने उभं केलं आणि सातबारा त्याच्या एकट्याच्या नावावर राहिला. ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

आपल्या गटाच्या वहीत पापड ‘गटाचे’ असतात. पण मसाल्याचं प्रमाण कोणी बसवलं, नवं गिऱ्हाईक कोणी आणलं, तिचं नाव कुठे लिहिलंय का? पुढच्या बैठकीत वही उघडाल, तेव्हा एवढं जरूर बघा.